तापीकाठचा केळीपट्टा : जमीन, पाणी आणि हवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, कोरडवाहू कापसाचं. सासर रावेर तालुक्यात, जिथं घराच्या गच्चीवरून चारी दिशांना केळीच दिसते. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मला प्रश्न पडला होता की तापी तीच, ऊन तेच, मग माहेरी उन्हाळ्यात डोळ्याला हिरवा ठिपका दिसत नाही आणि इथं एवढी गर्द सावली कुठून आली? आता बाग बघायला येणारे पाहुणे, कृषी महाविद्यालयाची मुलं, पहिल्यांदाच केळी लावणारे शेतकरी तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

केळीपट्टा म्हणजे नेमका कुठला भाग?

जळगाव जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वर उत्तरेला सातपुडा, त्याच्या दक्षिणेला पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये जी लांबट सपाटी आहे तिच्यावर रावेर, यावल आणि चोपडा हे तालुके आहेत. सावदा, फैजपूर, निंभोरा, चिनावल, तांदलवाडी, न्हावी, भालोद ही गावं या पट्ट्यातली. पूर्वेला हाच पट्टा राज्याची हद्द ओलांडून बऱ्हाणपूरकडे जातो. हद्द कागदावर आहे, केळीला ती माहीत नाही. तापीच्या दक्षिणेला मुक्ताईनगर, जळगाव आणि गिरणाकाठच्या भडगाव-पाचोऱ्याकडेही केळी आहे. पण मूळ गाभा विचाराल तर तो सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतचा. चालत निघालात तर एका दिवसात पार होईल एवढीच त्याची रुंदी.

खान्देशात एवढं ऊन पडतं, मग केळीला इथली हवा मानवते कशी?

मानवत नाही. हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

केळीला २५ ते ३० अंशांच्या आसपासची दमट, शांत हवा लागते. वर्षभरात १८०० ते २००० मिलिमीटर पाण्याची तिची भूक. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भुसावळचं नाव तर उन्हाळ्यात रोज बातम्यांत असतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की पहाटे ८-१० अंशांपर्यंत उतरतो. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटोपणारा. म्हणजे उन्हाळा जास्त कडक, हिवाळा जास्त थंड, पाऊस निम्म्याहून कमी. नुसती हवा बघून कुणी पीक निवडलं असतं तर केळी शेवटच्या क्रमांकावर आली असती.

तरीही जळगाव जिल्ह्यात ५० हजार हेक्टरांच्या आसपास केळी उभी असते. इथली हवा केळीची नाही, जमीन केळीची आहे. जमिनीवरची माती आणि जमिनीखालचं पाणी इतकं भक्कम होतं की त्याच्या जोरावर माणसांनी प्रतिकूल हवेशी झुंजायचं ठरवलं. इथला शेतकरी वर्षभर जे काही करतो ते एकाच गोष्टीसाठी, आपल्या बागेच्या आत बाहेरच्यापेक्षा वेगळी हवा तयार करण्यासाठी.

कोरड्या हवेचा एक फायदा मात्र नाकारता येत नाही. दमट मुलखात केळीच्या पानांवर करप्याची बुरशी वर्षभर मुक्काम ठोकून असते. आमच्याकडे फेब्रुवारीपासून हवा इतकी कोरडी होते की करप्याला पसरायला ओल मिळत नाही. शिवाय ढग नसलेलं लख्ख ऊन. मुळाशी पाणी असलं तर पानं तयार करतात तो सगळा माल घडात उतरतो.

जमिनीखाली असं काय आहे जे बाकी महाराष्ट्रात नाही?

महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणावर बसलेला आहे. विहीर खणली की काही हातांवर खडक लागतो आणि पाणी त्या खडकाच्या भेगांमध्ये जेवढं साठेल तेवढंच. माहेरची आमची विहीर अशीच होती. दिवाळीनंतर तळ दिसायचा.

इथं आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या शेतात बोअर झाली. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते आणि तिथंच बसून राहिले. मशीन बाहेर काढत होती त्या मालाचे ढीग सासऱ्यांनी बाजूला ओळीनं लावून घेतले होते. आधी काळी माती. मग पिवळी चिकण. मग वाळू. मग पुन्हा पिवळी. आणि मग गोटे, लहान-मोठे, गुळगुळीत, नदीपात्रात सापडतात तसे गोल. शेकडो फूट खाली नदीचे गोटे! अख्खा दिवस खडक लागलाच नाही. सासरे एक गोटा हातात घेऊन म्हणाले, "हा डोंगरातून आलेला आहे. याच्याच वाटेनं पाणी येतं."

त्यांनी जे एका वाक्यात सांगितलं ते भूगर्भशास्त्रात असं मांडतात. तापीचं खोरं हा जमिनीचा खचलेला पट्टा आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं डोंगराचा चुरा आणून या खोलगटात भरला. जड दगडगोटे पायथ्याशी पडले, त्यापुढे वाळू, आणि सगळ्यात बारीक गाळ तापीपर्यंत पोहोचला. पायथ्याशी साचलेल्या या दगडगोट्यांच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यात पडलेला पाऊस सुकी, भोकर, मोर अशा नद्यांतून खाली येतो आणि बझाड्यावर पोहोचला की गोट्यांमध्ये मुरतो. पावसाळ्यात डोंगरातल्या पाल गावाच्या बाजूला नदी खळाळत असते, आणि काही मैलांवर खाली तिचंच पात्र कोरडं. पाहुण्यांना वाटतं पाणी वाया गेलं. ते वाया गेलेलं नसतं, खाली उतरलेलं असतं, आणि गाळाच्या थरांमधून हळूहळू तापीच्या दिशेनं सरकत असतं.

हे आपल्या काळात कुणाच्या तरी लक्षात आलं असं समजू नका. बऱ्हाणपूर ही एके काळची खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. तिथं १६१५ साली, जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून येणारं हेच भूजल जमिनीखालच्या बोगद्यात अडवलं, त्यावर ओळीनं शंभरावर कुंड्या ठेवल्या आणि निव्वळ उतारावर पाणी शहरात नेलं. ना पंप, ना मोट. आजही त्या कुंडीत उतरून वाहतं पाणी बघता येतं. केळीपट्टा समजून घ्यायचा असेल तर बागेआधी तिथं जाऊन या, असं मी सगळ्यांना सांगते.

केळीला कशी माती लागते?

खोल, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी. केळी दिसायला झाडासारखी उंच, पण ते झाड नाही. तिचा बुंधा म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. आणि मुळं? एकदा वाऱ्यानं पडलेलं खोड बाजूला करताना मी मुद्दाम मुळं मोजायला बसले होते. दोरीच्या जाडीची, पांढरट, सरळ बाजूला धावणारी. दीड-दोन फुटांच्या खाली जवळपास काही नव्हतं. बारा-चौदा फूट उंचीचा आणि वीस-पंचवीस किलोंच्या घडाचा डोलारा एवढ्या वरच्या थरावर उभा असतो. त्यामुळे वरची माती चिकट झाली, पाणी साचलं, की मुळं गुदमरतात. आमच्या शेजारचे एक काका लेवा बोलीत म्हणायचे, "केयीले पानी पाह्यजे, पन तिचे पाय बुडाले नाही पाह्यजे."

पायथ्याकडे गेलं तर माती हलकी, गोटाळ, पाणी धरत नाही. तापीकडे जावं तसा गाळ बारीक आणि जमीन भारी होते, आणि अगदी नदीकाठी पावसानं त्या मऊ गाळात खोल घळी कोरल्या आहेत, तिथं नांगर चालत नाही. या दोन्हींच्या मधली जमीन सगळ्यात नावाजलेली. काही शिवारांत चुनखडीचं प्रमाण जास्त असतं, तिथं कोवळी पानं पिवळी पडतात, कारण लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. काही ठिकाणी जमीन चोपण, म्हणजे क्षारांमुळे चिकट आणि निचरा न होणारी आहे. दोन बांधांच्या अंतरावर माती बदलते, म्हणून शेजाऱ्याचं खताचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. माती तपासा.

नाशिकमध्ये वाइनची द्राक्षं होतात. खान्देश तर शेजारीच, मग इथं का नाहीत?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण द्राक्ष आणि केळी शेजारी ठेवली की दोन्ही मुलुख लगेच उलगडतात.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, जळगाव २०० मीटरच्या थोडं वर. चारशे मीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. वेलीवर तो फार मोठा असतो. वाइनच्या द्राक्षाला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. दिवसा साखर चढते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो, आणि या दोहोंच्या तोलावर वाइन ठरते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून नाशिकचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून तिला ऋतू लावून देतो. फळ जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतं. तापीच्या खोऱ्यात मार्चमध्येच पारा चाळिशीकडे निघालेला असतो. साखर धावते आणि आंबटपणा जळून जातो.

मातीचा हिशेबही उलटा. वाइनच्या द्राक्षाला थोडी उपासमार मानवते. मुरमाड, हलक्या उताराच्या जमिनीत वेल आवरलेली राहते, मणी लहान राहतो आणि त्यात रस घट्ट उतरतो. आमच्या काळ्या गाळात वेल नुसती पानांनी माजेल. केळी उपाशी राहिली की फणी बारीक होते आणि व्यापारी तिच्याकडे बघतही नाही.

फ्रान्समधल्या बरगंडीत एकेका उतारावरच्या लहान लहान वाफ्यांना शतकानुशतकं वेगळं नाव आहे, कारण मधल्या उताराची वाइन वेगळी, माथ्याची वेगळी, पायथ्याची वेगळी. २०१५ साली युनेस्कोनं त्या वाफ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जमीन, उतार, पाणी आणि हवा मिळून जी चव घडते तिला फ्रेंच लोक टेरवार म्हणतात. आमच्याकडे तसा शब्द नाही. "त्या शिवारातला माल" म्हटलं की सगळं आलं.

मृगबाग आणि कांदेबाग म्हणजे काय?

मृग नक्षत्राच्या आसपास, म्हणजे जून-जुलैत लावलेली ती मृगबाग. कांदा लावायच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेली ती कांदेबाग. रावेर-यावलकडे मृगबागेचा जोर, चोपडा आणि गिरणाकाठाकडे कांदेबागेचा.

लागवडीची तारीख ठरवणं म्हणजे कोणत्या वयात कोणतं संकट झेलायचं ते ठरवणं. पूर्वी कंद लावायचे तेव्हा पीक निघायला दीड वर्ष लागायचं, म्हणजे प्रत्येक बागेला निदान एक उन्हाळा आणि एक-दोन हिवाळे चुकत नसत. १९९० च्या दशकात उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणि ग्रँड नैन जात आली, सोबतीला ठिबक, आणि पीक ११-१२ महिन्यांवर आलं. बसराई, श्रीमंती या जुन्या जाती मागे पडल्या. याचा सगळ्यात मोठा परिणाम मला विचाराल तर उत्पादनापेक्षा वेळापत्रकावर झाला. पीक एका वर्षात मावल्यामुळे शेतकऱ्याला संकट निवडायची मुभा मिळाली.

मृगबागेची रोपं पावसात वाढतात, हिवाळा अंगावर काढतात, थंडी ओसरताना निसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काढणीला येतात. निसवण म्हणजे बुंध्याच्या पोटातून केळफूल बाहेर पडणं. धोका हा की घड सगळ्यात जड असतो नेमका तेव्हाच वादळांचा मोसम असतो. कांदेबागेची रोपं लहानपणीच थंडीत सापडतात, पानागणिक रेंगाळतात, पण निसवणीच्या वेळी थंडी नसते आणि घड भरताना पावसाळी हवा मिळते. कुठलीही निवड फुकट नाही. दोन शेतं असतील तर एकात मृग, एकात कांदेबाग, असं बरेच जण करतात. बाजारातही नवती, पिलबाग, कांदेबाग असे वेगवेगळे भाव निघतात. नवती म्हणजे नव्या लागवडीचं पहिलं पीक, आणि पिलबाग म्हणजे कापलेल्या खोडाच्या पिलापासून धरलेलं दुसरं पीक, म्हणजेच खोडवा.

थंडीनं केळीचं नेमकं काय बिघडतं?

तापमान १६ अंशांखाली गेलं की वाढ मंदावते, १२-१३ च्या खाली इजा सुरू होते. महिन्याला तीन-चार पानं टाकणारी केळी एखादंच टाकते. मुळं अन्न उचलत नाहीत, पानांच्या कडा पिवळ्या पडतात.

पण खरी धास्ती निसवणीची. थंडीत बुंध्याचा गळा आवळला जातो आणि घड आतच अडकतो. एका जानेवारीत आमच्या वरच्या तुकड्यात हे झालं. बुंध्याला बाजूनं चीर पडलेली आणि त्यातून वाकडी फणी डोकावत होती, दार बंद असताना कुणी भिंत फोडून बाहेर यावं तशी. असा घड वाढतो, पण वाकडातिकडा, आणि त्याला भाव नाही. एकाच रांगेतली अकरा झाडं तशी निघाली. ती रांग उत्तरेच्या बांधालगतची होती, वाऱ्याच्या थेट तोंडावर. पुढच्या वर्षी त्या बांधावर शेवरी लावली आणि हिरवी नेट बांधली.

बाकीचे उपायही सगळे बागेची हवा राखण्याचे. रात्री पाणी द्यायचं, कारण बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे बांधांवर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, म्हणजे जमिनीची ऊब वर निसटत नाही. खोडाशी निंबोळी पेंड आणि पालाशाची मात्रा द्यायची. घडाला पिशवी घालायची. पहाटे चारला धुरात डोळे चोळत उभं राहिलं की तळहाताला जमिनीची ऊब कळते, आणि दहा पावलांवर बांधापलीकडे गेलं की तीच हवा कापत सुटते.

केळी फ्रिजमध्ये ठेवली की काळी का पडतात?

त्याच कारणानं. १२-१३ अंशांखाली सालीतल्या पेशी दुखावतात. हिवाळ्यात बागेत सापडलेला माल पिकल्यावर सोनेरी न होता मळकट पिवळा दिसतो, त्याला व्यापारी चिलिंग म्हणतात. निर्यातीच्या कंटेनरमध्येही म्हणूनच १३ अंशांच्या आसपास तापमान राखतात. घरी केळी बाहेरच ठेवा, टांगून.

मग उन्हाळ्यात बाग वाचते कशी?

पाणी आणि सावलीवर. एप्रिल-मेमध्ये मोठ्या झाडाला दिवसाला २० ते २५ लिटर पाणी लागतं. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी १७४२ झाडं बसतात, म्हणजे रोजचं ३५ ते ४४ हजार लिटर. हे ठिबकचे आकडे आहेत. पाटपाण्यावर याहून कितीतरी जास्त जायचं. दोन दिवस वीज गेली तर पानं कडेनं करपून दुमडतात, घडाचा दांडा भाजतो.

बागेच्या पश्चिम आणि दक्षिण कडेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट भिंत लागते. उन्हापेक्षा गरम वारा जास्त मारतो. वाळलेली पानं कापून जमिनीवरच पसरतात. कडेच्या झाडांचे घड त्यांच्याच पानांनी झाकतात. मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावरून बागेत शिरा, दहा-बारा ओळी आत जा आणि उभे राहा. कानाजवळचा वारा थांबतो, पायाखाली ओल लागते, श्वास घेताना नाक भाजत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आत जाऊन खालीच बसली, आणि कितीतरी वेळ उठली नाही.

वादळाचा एवढा धसका का?

कारण वर लिहिल्याप्रमाणे मुळं दीड-दोन फुटांत आणि वर पानांचं शीड. मे-जूनमध्ये दिवसभर तापलेल्या खोऱ्यावर संध्याकाळी ढग चढतात आणि अर्ध्या तासात वारा सगळं आडवं करतो. बाग पडताना कडकड आवाज येत नाही. केळी लाकूड नाही, पाण्यानं भरलेलं देठ आहे. ओलं धोतर दगडावर आपटावं तसा धप्प, धप्प आवाज अंधारातून येत राहतो आणि घरात कुणी बोलत नाही. वर्षभर सांभाळलेला, पंधरा दिवसांत कापायचा माल त्यात असतो.

बांबूचा टेकू किंवा झाडाला झाड बांधणारी दोरी, यानं बऱ्यापैकी बचाव होतो. त्याहून मोठा बचाव वारारोधक कुंपणाचा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वारा हे धोके धरलेले आहेत. नियम दरवर्षी वाचून घ्या, आणि तुमच्या महसूल मंडळातलं हवामान केंद्र कुठं बसवलेलं आहे ते स्वतः जाऊन बघा. आमचं एक वर्ष असं गेलं की बागेत घड अडकले आणि केंद्राच्या नोंदीत मात्र थंडी निकषाच्या वरच राहिली. केंद्र गावातल्या वस्तीजवळ होतं, बाग नदीच्या खोलगटात. थंड हवा जड असते, ती खोलगटात जाऊन बसते. एका मंडळात एक केंद्र पुरत नाही, हे मी आजवर प्रत्येक बैठकीत बोलले आहे आणि पुढेही बोलेन.

पावसाळ्यात तरी निवांतपणा?

नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य न दिसता झड लागली की कुकुंबर मोझॅक विषाणू डोकं काढतो. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पान आखडतं, पोंगा म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान सडतं. मावा किडीमुळे पसरतो, आणि काकडी, टोमॅटो, मिरची, बांधावरचं तण यांवरही राहतो. औषध नाही. रोप उपटून जाळणं किंवा खोल पुरणं एवढाच इलाज. स्वतःच्या हातानं लावलेलं हिरवं रोप उपटायला मन धजत नाही, पण एक ठेवलं तर दहा जातात.

जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे का?

आहे. तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्रामार्फत जळगाव केळीची नोंद २०१६ साली झाली. २०२१ मध्ये याच मानांकनाची २२ टन केळी तांदलवाडीहून दुबईला रवाना झाली. त्याच वर्षी, २०१६ ला, जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन मिळालं. पांढरट हिरवं, मऊ गराचं, कमी बियांचं हे वांगं खाऊन बघा. तीही याच मातीची देणगी.

धुळे-नंदुरबार पण खान्देशच. तिथं एवढी केळी का नाही?

जमीन वेगळी. धुळ्याचा बराच भाग पाषाणाचा, मातीचा थर पातळ. तिथल्या लोकांनी पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून उतारानं पाणी फिरवणारी फड पद्धत उभी केली. सगळं शिवार मिळून पीक ठरवायचं आणि पाणी वाटून घ्यायचं. नंदुरबारची लाल मिरची नावाजलेली, शहाद्याकडे पपई आणि केळीही आहे, कारण तिथं पुन्हा तापीकाठचा गाळ लागतो. आणि माहेरचा अमळनेर-पारोळा भाग कापसाचा. तो गरीब मुलूख नाही, वेगळा आहे. पावसावर जगायचं शहाणपण तिथं जास्त आहे.

हे पाणी किती वर्षं पुरेल?

सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट चालायची. मग विहिरीत आडवे बोअर आले, मग उभे, आणि आता पाचशे फुटांच्या पुढे गेल्याशिवाय मशीनवाला बोलत नाही. रावेर आणि यावल हे तालुके सरकारी भूजल मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. डोंगर जेवढं पाणी खाली सोडतो त्यापेक्षा आम्ही जास्त उपसतो. इथली केळी म्हणजे सातपुड्यानं मागच्या कित्येक पावसाळ्यांत साठवलेलं पाणी आहे, घडाच्या रूपात दिल्लीला जाणारं. सावदा-निंभोऱ्याहून रेल्वेचे डबे भरताना मला दर वेळी हे आठवतं.

दिलासा एवढाच की बझाड्याचं भांडं अजून शाबूत आहे. ते भरणं पाषाणाच्या मुलखापेक्षा सोपं. पायथ्याच्या नद्यांत पाणी अडवलं की ते झपाट्यानं मुरतं. तापीच्या पुराचं पाणी कालव्यांनी याच पट्ट्यात आणून मुरवायची मेगा रिचार्ज योजना कित्येक वर्षं चर्चेत होती. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिचा करार केला. ती होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातलं म्हणजे बंद पडलेली विहीर बुजवू नका, पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून तिच्यात सोडा. आम्ही आमच्या जुन्या विहिरीत हे सहा वर्षांपासून करतो. शेजारच्या दोन बोअरचं पाणी आता मार्चमध्ये तुटत नाही. आणि वर सातपुड्यात यावल अभयारण्यातलं जंगल तुटू देऊ नका, कारण उघड्या डोंगरावरचं पाणी मुरायला थांबत नाही.

बाग बघायला कधी यावं?

फोटो काढायचे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर. समजून घ्यायचं असेल तर दोनदा या. एकदा मे महिन्याच्या दुपारी, एकदा जानेवारीच्या पहाटे. पायांत चप्पल नको, बूट घाला, आणि जुने कपडे. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्माचा. आल्यावर आधी मनुदेवीच्या देवळाच्या बाजूनं सातपुड्याच्या पायथ्याशी नेईन, नदीचं कोरडं पात्र आणि त्यातले गोटे दाखवायला. एक गोटा उचलून खिशात ठेवा. मग आमच्या बोअरजवळ सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या ढिगातला एक उचला आणि दोन्ही शेजारी धरून बघा.